याडीनं मशीनला सुट्टी दिली तेव्हा

लोक विचारतात, "ताई, तुम्ही जन्मभर नेमकं काम काय केलं?" मी म्हणते, "न उठणाऱ्यांना उठवलं." समोरच्याला वाटतं, मी नर्स होते. मग सांगावं लागतं की मी मिनी कॉम्प्युटर दुरुस्त करायची. त्यावर हमखास प्रश्न येतो, "म्हणजे लॅपटॉप का?" इथं माझं डोकं फिरतं. बाबा रे, आमचा मिनी नावालाच मिनी. चांगला लोखंडी कपाटाएवढा ऐवज. त्याला स्वतःची खोली लागायची, स्वतःचा एसी लागायचा, आणि स्वतःची एक बाई लागायची. ती मी.

पदविका झाल्यावर नागपूरला एका कंपनीत लागले. कंपनी असल्या मशिनींची देखभाल करायची. पुढं नवे छोटे कॉम्प्युटर आले, कंपनीनं जुन्यांपुढं हात टेकले आणि आमचा विभागच बंद केला. पण मशिनी थोड्याच बंद झाल्या होत्या! कुठं सूतगिरणीत, कुठं दवाखान्यात, कुठं संस्थेच्या कचेरीत त्या आपल्या घरघरतच होत्या आणि त्यांना कोणी वाली नव्हता. मी पिशवी उचलली, यवतमाळला माहेरी परत आले आणि पोरक्या मशिनींची सोय लावायचा धंदा सुरू केला. पहिली काही वर्षं जिथं जाईन तिथं लोक माझ्या मागं पाहायचे. "मिस्त्री कुठं हाये?" मी म्हणायची, "मिस्त्रीच बोलून राह्यली तुमच्याशी. पाणी आणा आधी."

आता 'बूट होणं' म्हणजे काय ते एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. कॉम्प्युटर बंद केला की तो सगळं विसरतो. आपण कोण, आपलं काम काय, काही म्हणता काही आठवत नाही. चालू केल्यावर त्याला एवढंच ठाऊक असतं की डिस्कवर जायचं आणि पहिलं पान वाचायचं. त्या पानावर लिहिलेलं असतं, आता अमक्या ठिकाणी जा, तिथलं वाच. तिथं पुढचा पत्ता. असं वाचत वाचत त्याला शुद्ध येते. झोपेतून उठलेला म्हातारा आधी चष्मा चाचपतो, चष्मा सापडला की चपला दिसतात, चपला घातल्या की दार सापडतं, तसलाच हा प्रकार. मधलं एक जरी पान वाचता आलं नाही, तर गडी तिथंच उभा. "मशीन बूट होत नाही" म्हणून मला जे फोन यायचे, त्यातले बहुतेक असे डिस्कपाशी येऊन थांबायचे.

आणि डिस्क म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या तबकड्या, एका दांड्यावर ओवलेल्या, भिंगरीसारख्या फिरणाऱ्या. त्यांच्यावरचं वाचायला असतात चिमुकले हेड. ते तबकडीला टेकत नाहीत. वेगामुळे हवेचा जो पातळ थर तयार होतो त्याच्यावर ते तरंगतात, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर. वेग आहे तोवर ठीक. वेग गेला की हेड खाली उतरतात.

घाटंजीला एका संस्थेच्या कचेरीत असाच एक मिनी होता. तिथले सेक्रेटरी मोठे बोलघेवडे. त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमचं मशीन बाकी दिवस ठीक हाये, पण बाजाराच्या दिवशी उठतच नाही. त्याच्या आंगात येते का काय?" मी जाऊन पाहिलं, मशीन ठणठणीत. परत आले. पुढच्या बाजाराला पुन्हा फोन. मी पुन्हा गेले, दुसऱ्या दिवशी, अर्थात पुन्हा ठणठणीत. सेक्रेटरींनी तोवर कपाटाला लिंबू-मिरची टांगली होती. शेवटी मी बाजाराच्याच दिवशी घाटंजीत उतरले आणि कचेरीत न जाता आधी बाजार फिरले. दोन्ही बाजूंनी पिठाच्या चक्क्या धडधडत होत्या, मिरची कांडप चालू होतं, उसाच्या रसाचं यंत्र फिरत होतं, आणि सगळ्यांची वीज कचेरीच्याच तारेवरून. व्होल्टेज पार मरगळलेलं. डिस्क फिरायला लागायची पण पूर्ण वेग घ्यायची नाही. मशीन बिचारं वाट पाहायचं आणि कंटाळून नाद सोडायचं. मी सांगितलं, "बाजार भरायच्या आधी चालू करा आणि दिवसभर बंद करू नका." एवढ्यावर रोग गेला. लिंबू-मिरची मी काढली नाही. तिनं काही व्होल्टेज कमी होत नव्हतं.

अशा हिंडण्यातून माझा एक नियम पक्का झाला, आणि तो मी सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची. म्हातारी डिस्क चालू असेल तर तिला चालू राहू द्या. फिरती आहे तोवर ती वर्षानुवर्षं फिरेल. थांबवली, थंड केली, की पुन्हा उठेलच याची खात्री देवही देणार नाही.

हा नियम ज्यांनी सगळ्यांत जास्त पाळला, ते म्हणजे यवतमाळचे डॉक्टर राठोड. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा मुलगा, शिकून रेडिओलॉजिस्ट झाला आणि मोठ्या शहरात न जाता यवतमाळात परत आला. त्यानं सीटी स्कॅनची मशीन आणली, परदेशात वापरून काढून टाकलेली. तेव्हा आपल्याकडं डोक्याला मार लागला की आतला फोटो काढायला थेट नागपूर गाठावं लागायचं. त्या मशीनचा मेंदू म्हणजे एक जुना मिनी, आणि त्या मिनीची डिस्क पहिल्या दिवसापासून कुरकुरणारी. तिच्या तबकडीचा एक भाग मरत चालला होता. मी दर भेटीला तिथली महत्त्वाची पानं वाचून दुसऱ्या, धडक्या भागात त्यांची नक्कल करून ठेवायची. गळक्या खोलीतली ज्वारीची पोती आपण कोरड्या खोलीत हलवतो, तसं. भिंतीवर विजेचं मोठं लाल हँडल होतं, त्याच्यावर डॉक्टरांनी पाटी लावली होती, 'हे हँडल खाली ओढू नये.' सगळा स्टाफ त्या हँडलपासून चार हात लांबून जायचा.

दसऱ्याला सेंटरमध्ये पूजा व्हायचीच. ऑपरेटर विलास चालत्या मशीनला लांबूनच कुंकू लावायचा, झेंडूचा हार खुर्चीला घालायचा, की झाली पूजा. मी कधीच हजर नसायची, कारण दसरा म्हणजे आमच्या घरी नागपूरला जायचा दिवस. माझी आई लहानपणी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती. तेव्हापासून तिनं एकही वर्ष चुकवलं नाही. पांढरं लुगडं, पिशवीत भाकरी-चटणी, आणि माझा दंड धरून ती गर्दीतून अशी चालायची की तरण्यांनी वाट सोडावी.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतेय, त्या सकाळी आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून निघायच्या तयारीत होतो. शेजारची मंडळी गाडीपाशी जमली होती. तेवढ्यात घरातला फोन वाजला. विलास होता.

"मॅडम, मशीन उठून नाही राह्यली."

"उठून नाही राह्यली म्हणजे? बंद कोणी केली?"

तिकडं तो नुसता खाकरला.

"विलास, मी विचारून राह्यली, बंद कोणी केली?"

"याडीनं केली, मॅडम."

बंजारा लोक आईला याडी म्हणतात. डॉक्टरांची आई त्याच महिन्यात तांड्यावरून मुलाकडं राहायला आली होती, आणि सगळा स्टाफ तिला याडीच म्हणायचा. आरशांची कांचळी घालणारी, हातभर बांगड्यांची, ताठ कण्याची बाई. त्या पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि तोंडी सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

विलास पुढं म्हणाला, "मॅडम, पेशंट आला हाये. डोक्याले मार हाये. लौकर या."

मी फोन ठेवला. आई दारात उभीच होती. "कोनाचा जीव हाये का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

"मंग उभी कायले हायेस? जाय नं."

"आई, तू?"

"मी का लहान लेकरू हावो? मंडळी हाये संगं. मी जातो." आणि खरोखरच मागं न पाहता ती गाडीत जाऊन बसली. ती माझ्याशिवाय गेली असा तो एकच दसरा. नंतर दोन-तीन वर्षांत तिचे गुडघे गेले आणि जाणं थांबलं. आपण सोबत गेलो असतो तर एक फेरी जास्त झाली असती, हे मला अजूनही लागतं. पण त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. पांढऱ्या साडीवरच मोपेडला किक मारली.

सेंटरच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर एक तरुण गडी पडलेला होता. प्रकाश त्याचं नाव, कळंबचा, जीप चालवायचा. मोटारसायकलवरून घरी जाताना पडला होता. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली म्हणे. आणला तेव्हा बोलत होता, आता हाक मारली की डोळे उघडायचा आणि लगेच मिटायचा. त्याची बायको त्याचा तळवा चोळत होती. शेजारी सर्जन उभे होते, आणि त्यांनी मला दारातच गाठलं.

"बाई, स्पष्ट सांगा. आत रक्ताची गाठ आहे असा माझा संशय आहे. कुठं आहे ते दिसलं तर इथंच उघडतो, वाचेल. फोटो मिळणार नसेल तर आत्ताच नागपूरला पाठवतो. पण आज रस्त्यावर ही गर्दी. वाटेत काय होईल याचा भरवसा नाही. मशीन चालू होणार की नाही?"

मी अजून मशीन पाहिलीसुद्धा नव्हती. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, बघून सांगते. मी म्हटलं, "होणार. अर्धा तास द्या."

आता याला कोणी उद्धटपणा म्हणेल. म्हणो. त्या मशीनच्या प्रत्येक कण्हण्याशी माझी ओळख होती. डॉक्टर चाचपडतो तसं मी तिला वर्षानुवर्षं चाचपडलं होतं. मला नसतं जमलं तर ते कोणालाच जमलं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि जमेल असंही पक्कं वाटत होतं.

आत गेले. खोली कोंदट झाली होती, कारण हँडलसोबत एसीही बंद झाला होता. कपाटावर हळदी-कुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, आपट्याची पानं. सगळं कसं ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेलं! कोपऱ्यात याडी भिंतीला टेकून बसली होती. माझं तोंड सुटलं ते सुटलंच.

"याडी, काय करून ठेवलं हे! कोनं सांगतलं होतं हात लावाले?"

तिनं मान वर केली नाही. "बैलाले पोळ्याले सुट्टी देतो नं बाई आपन," ती म्हणाली. "हे बिचारी रात्रंदिवस घरघर करून राह्यली. म्हटलं, आज सनाच्या दिवशी तरी निजू द्यावं."

मी पाठ फिरवली आणि कामाला लागले.

विलासनं हँडल वर करून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले होते. त्याला मी तिथंच थांबवलं. न उठणाऱ्याला सारखं हलवलं तर मोटर जळते. मी डिस्कच्या कप्प्यावर तळहात ठेवला आणि एकदाच चालू करायला सांगितलं. मोटर हुंकारली, पण फिरली नाही. पट्टा तापल्याचा वास आला. बंद. रोग कळला. थांबल्यावर हेड तबकडीवर उतरले होते, आणि गुळगुळीत काचेला ओली काच चिकटते तसे चिकटून बसले होते. मोटरच्या अंगात त्यांना सोडवण्याएवढी ताकद उरली नव्हती.

मग एकच उपाय. कप्पा बाहेर ओढायचा, खालचं झाकण काढायचं, पट्ट्याची कप्पी हातानं फिरवायची. ऐकायला सोपं आहे. पण जोर जास्त झाला तर हेड मुळापासून उपटून येतो, आणि मग आज काय, कधीच फोटो नाही. नवशिके पुढं ढकलतात. पुढं कधीही ढकलायचं नाही. आधी मागं, अगदी जराशी, मग पुढं, मग पुन्हा मागं. जातं जड झालं की बायका खुंटा असा आधी हलवून पाहतात. मी साडीचा पदर कमरेला खोचला, जमिनीवर आडवी झाले आणि बोटांनी कप्पी धरली. मागं. पुढं. मागं. काहीच नाही. बाहेरून प्रकाशच्या बायकोचा आवाज येत होता, "अवो, डोये उघडा नं. पाहा नं माह्याकडे." पुन्हा मागं. आणि बोटांना एक बारीकशी 'टक्' जाणवली. कप्पी सैल झाली. मी ती हलकेच पूर्ण गोल फिरवून पाहिली. कुठं खरखर नाही.

"विलास, लाव."

मोटर हुंकारली, अडखळली आणि मग चढत्या सुरात फिरायला लागली. हिरवा दिवा लुकलुकून स्थिर झाला. विलासनं टाळीच वाजवली. मी म्हटलं, "थांब, अजून उठली नाही, नुसती कूस बदलली."

झालंही तसंच. बूट करायला लावली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मधेच थांबली. पडद्यावर वाचता येत नसल्याचा संदेश. तोच मरत चाललेला भाग. पण त्याची नक्कल मी दुसरीकडं करून ठेवलेली होतीच. ती कुठं आहे तो पत्ता मला घरच्या पत्त्यासारखा पाठ होता. समोरच्या पट्टीवर खटके असतात, ते वरखाली करून मशीनला हातानं पत्ता देता येतो. मी खटके पाडले, मशीन मुकाट्यानं त्या वाटेनं गेली आणि मुख्य प्रोग्राम उचलून आली. इथं मी स्वतःवर इतकी खूष झाले की काय सांगू.

खुशी टिकली नाही. फोटो काढायच्या आधी मशीन एक तक्ता वाचते. किरणं किती आली, त्यातली किती खरी धरायची, याचा तो हिशोब. तो तक्ता दर आठवड्याला नवा बनायचा, त्यामुळे त्याची नक्कल करून ठेवण्यात अर्थ नसायचा, आणि तो नेमका त्याच आजारी भागाच्या कडेला होता. मशीन वाचायला जायची, चुकायची, पुन्हा जायची, पुन्हा चुकायची.

डॉक्टर राठोड आत आले. "ताई, एसी जोरात लावू का? गरम झाली असेल."

"अजिबात नाही! एसी बंदच राहू द्या."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मीच एसीसाठी त्यांच्या मागं लागत आले होते. पण हा तक्ता लिहिला गेला होता तेव्हा डिस्क फिरून फिरून ऊन झालेली होती. आता ती बंद राहून निवली होती. धातू निवला की किंचित आक्रसतो. लिहिलेली रेघ आणि वाचणारा हेड यांच्यात फरक पडतो. तुम्हा-आम्हाला तो दिसणारही नाही, पण तेवढा चुकायला पुरे. डिस्क आपोआप तापेपर्यंत थांबायचं तर तासभर हवा, आणि तास आमच्याकडं नव्हता.

"पांघरूण आणा," मी म्हटलं. "जाड. जे असेल ते."

विलास दवाखान्याच्या पातळ चादरी घेऊन आला. त्यांचा काय उपयोग? तेवढ्यात कोपऱ्यातली याडी उठली, मागच्या खोलीत गेली आणि आपली गोधडी घेऊन आली. तांड्यावरची, हातानं शिवलेली, जाडजूड, हजार टाक्यांची. तीच गोधडी तिनं कप्प्यावर पसरली, कडा खाली दाबल्या, आणि हवा जायच्या फटीवर स्वतःचा हात ठेवून उभी राहिली. "अजून कुठं दाबू बाई?" तिनं विचारलं. मी दाखवलं तिथं तिनं दाबलं. माझ्या नागपूरच्या साहेबांनी डिस्कला गोधडी पांघरलेली पाहिली असती तर तिथल्या तिथं मला कामावरून काढलं असतं.

विलासनं तोवर स्ट्रेचर आत घेतलं, प्रकाशला टेबलावर ठेवलं, डोकं पट्ट्यांनी बांधलं. सर्जन घड्याळाकडं पाहत होते. "बाई, डाव्या हाताची पकड बघा, कमी झाली. मी गाडी बोलावतो."

"बोलावून ठेवा," मी म्हटलं, "पण अजून हलवू नका."

वाचायला पाठवलं, चूक. पुन्हा, चूक. गोधडीखाली हात घालून पाहिलं, कोमट. पुन्हा पाठवलं. या वेळी चूक झाल्याचा संदेश आलाच नाही, पडदा नुसता कोरा राहिला. कोरा म्हणजे वाचतेय. एक ओळ उमटली. मग दुसरी. मग खाली शब्द आला, 'तयार'.

"घ्या!" मी अशी ओरडले की याडी दचकली.

मशीनचं कडं फिरायला लागलं. फोटो त्या काळी चटकन यायचा नाही, वरून खाली रेघारेघांनी उतरायचा. कवटीची पांढरी कड दिसली, मग मेंदू, आणि मग उजव्या बाजूला कवटीला चिकटलेला पांढरा फुगीर तुकडा, चण्याच्या डाळीच्या आकाराचा, पण केवढा तरी मोठा. मला डॉक्टरीतलं काही कळत नाही, पण ते तिथं असायला नको हे कोणालाही कळलं असतं. सर्जन फक्त "उजवी बाजू" म्हणाले आणि जवळजवळ पळतच निघाले. स्ट्रेचर त्यांच्या मागं गेलं.

ऑपरेशन पलीकडच्याच इमारतीत झालं. आम्ही तिघं, मी, विलास आणि याडी, मशीनपाशीच बसून राहिलो. याडीनं फटीवरचा हात काढला नव्हता. मी म्हटलं, "याडी, आता सोडा, झालं काम." ती म्हणाली, "थो वाचला का?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. "मंग राहू दे," ती म्हणाली. दुपार कलल्यावर डॉक्टर राठोड आले आणि म्हणाले, "गाठ काढली. वाचेल तो." याडीनं तेव्हा हात काढला, गोधडी घडी करून काखेत घेतली आणि मुलाशीही न बोलता आत निघून गेली. त्यानंतर तिनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. मी जायची तेव्हा समोर आली तर पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. मी तिला तसं बोलायला नको होतं, पण "जाऊ द्या याडी" एवढं म्हणायलाही मला जमलं नाही.

थंडीच्या दिवसांत मी पंखे आणि जाळ्या साफ करायला सेंटरला गेले होते. हाताशी धूळ उडवायचा ब्लोअर होता. तो लावला की कानठळ्या बसतात, म्हणून पेशंट नाहीत ना ते पाहायला व्हरांड्यात आले. याडी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात फाटकातून प्रकाश आणि त्याची बायको आली. केस वाढून जखम झाकली गेली होती. हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं डॉक्टरांना पेढा दिला, विलासला दिला, मला दिला, आणि डॉक्टरांची आई म्हणून याडीच्या पाया पडायला वाकला.

याडीनं पाय मागं ओढले. "माह्या पाया नको पडू. थे मशीन मीच बंद केलती. तू मेला असता तं माह्या हातानं मेला असता."

हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ठरवूनच सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बायकोचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा तोंड टाकणार, आणि त्याचा तो हक्कच होता.

प्रकाश तिच्यासमोर उकिडवा बसला. "काहून बंद केलती, याडी?"

"रात्रंदिवस चालून राह्यली होती. मले वाटलं, एक दिवस तरी झोपू द्यावं तिले."

तो शेंगांच्या टरफलांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "रोही गिही काही आडवी नव्हती आली, याडी. मले डोया लागला होता. दसऱ्याच्या ट्रिपा चालू होत्या नागपूरच्या. एक खेप सोडली का दुसरी. मालक म्हने, हेच दिवस हायेत. किती रात्री झोपलो नव्हतो, मलेच ठावं नाही." त्यानं एक टरफल उचलून चुरलं. "घरी जा, झोप, असं मले कोनी म्हनलंच नाही."

त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे नवीन होतं. आणि मी तिथं उभी होते, त्याच ट्रिपांनी वर्षानुवर्षं नागपूरला जाणारी, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं एकदाही न पाहिलेली.

"आता कुठून येऊन राह्यला?" याडीनं विचारलं.

"गाडीवरूनच. पेढे देऊन परत जातो. मालक वाट पाहून राह्यला."

याडीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उठून उभी राहिली. "मालकाले मी पाहून घेतो. तू झोप." व्हरांड्यातल्या बाकाकडं तिनं बोट दाखवलं. तो हसायला लागला, नाही नाही म्हणायला लागला. "झोप म्हनलं नं!" याडी ओरडली, आणि तो पोरासारखा मुकाट्यानं बाकावर आडवा झाला. पाहता पाहता त्याचा डोळा लागला. बायको उशाशी बसली. याडीनं आमच्याकडं वळून ओठांवर बोट ठेवलं.

मी ब्लोअरची वायर गुंडाळली, तो पिशवीत टाकला आणि याडीच्या शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं.